आधी पाणी, मग शिव्या, मग जेल

मुंजामामा कासाराकडे बांगड्या भरायला जायचं म्हणजे आधी दोन्ही हातांची झडती द्यायची. तुम्ही नवरी असा नाहीतर नवरीची आजी, सूट कुणालाच नाही. मामा तुमचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून घेतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि तळहात, बोटांच्या बेचक्या, मनगट असं सगळं उलटंपालटं करून बघतात. कुठे कापसाच्या वाळक्या बोंडाचा ओरखडा दिसला, विळ्याचा चरा दिसला, की बांगड्यांची पेटी बंद. सदऱ्याच्या खिशातून जंतुनाशक जेलची ट्यूब निघते.

"ह्ये काय हाय?"

"काही नाही मामा, जरा खरचटलंय."

"काय लावलीस ह्याला?"

"हळद."

"मंग मीठ-मिरची बी टाकायची की. कालवण तरी झालं असतं."

मग तांब्याभर पाणी, जखम धुणं, धुवट फडक्यानं टिपणं, आणि ओल वाळेपर्यंत शिव्या. जाहिल, बेअक्कल, शाळा शिकून वाया गेलेली. सासू शेजारी बसलेली असली तर तिचाही उद्धार होतो, कारण हळद लावायला तिनंच सांगितलेलं असतं. हे सगळं झालं की शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढं जेल. हा क्रम मामा मंत्रासारखा म्हणतात: "आधी पाणी, मंग शिव्या, मंग जेल." शिव्या मधेच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "जखम वाळायला टाइम लागतो की," म्हणाले. "तेवढ्यात काय भजन म्हणू?"

मी स्वतः रागीट आहे, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात शुगर आईकडे आली आणि राग माझ्याकडे. दोन्हींवर उपाय चालू आहेत आणि दोन्ही आटोक्यात नाहीत. मी परभणीत एका शाळेत भूगोल शिकवते. माहेर पिंगळी स्टेशनात उतरून थोडं आत. माहेर इतकं जवळ असलं की सासरी भांडायला जोर येतो, असं माझी सासू म्हणते. पण मामांच्या रागापुढे माझा राग म्हणजे चार दिवस आलेला पाहुणा. त्यांचा राग घरचा, कायमचा, जेवूनखाऊन असलेला. आणि या माणसाचा मला लहानपणापासून मनस्वी संताप यायचा.

कारणं होती. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला मामांना बोलावलं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताजी मेंदी. मेंदीच्या खाली, अंगठ्याजवळ, नारळाच्या शेंडीनं उठलेला एक बारीक ओरखडा. तो आम्हाला कुणालाच दिसला नव्हता. मामांना दिसला. त्यांनी पाणी मागितलं. नवरीनं हात मागे घेतला, मामांनी पुढे ओढला. नवरी रडायला लागली, तिचा सख्खा मामा या मामाच्या अंगावर धावून गेला, आणि एवढ्या गोंधळात मुंजामामांनी हात धुतलासुद्धा. लग्नाच्या फोटोंत तिचा एक हात लालभडक आणि दुसरा आजारी माणसासारखा फिकट दिसतो. त्यावर मामांचं म्हणणं असं, की मेंदी जाते पंधरवड्यात, हात जलमभर पुरवायचाय.

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात तर त्यांनी हद्द केली. गावातले चार जाणते म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना बैठकीला बसवलं होतं. मुलानं त्या दिवशी घाईत दाढी केली असणार. हनुवटीला कापलं होतं आणि रक्त थांबावं म्हणून त्यानं वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता. पोहे आले, मी आले, मुलाच्या काकांनी मला स्वयंपाकाचं विचारलं. मी उत्तर देणार तेवढ्यात मामा उठून थेट मुलापुढे जाऊन बसले.

"पेपर चिटकवलाय. बातमी वाचून जखम बरी व्हती का?"

अण्णा छताकडे बघायला लागले. मामांनी आतून पाणी मागवलं. मुलानं एक शब्द न बोलता हनुवटी वर केली, कागद काढू दिला, शिव्या ऐकून घेतल्या आणि जेल लावून घेतलं. मला मामांचा इतका राग आला होता की हातातला ट्रे त्यांच्या डोक्यात घालावासा वाटत होता. पण त्याच वेळी असंही वाटलं, की जो माणूस मुंजामामांपुढे गप्प बसू शकतो तो माझ्या हाताखाली टिकेल. तो टिकला. तेव्हा लग्न जमवलं कुणी, या प्रश्नावर मामा आजही स्वतःचं नाव सांगतात.

मामांचे शत्रू ठरलेले आहेत. हळद, तंबाखू, चुना, चुलीतली राख, दात घासायची पेस्ट, गाडीचं वंगण. आमच्याकडे शेतात कुणाच्या पायात तुरीचं धसकट घुसलं की तो माणूस आधी तोंडातली तंबाखू काढून त्यावर दाबतो आणि मग ओरडतो. अशी माणसं मामांच्या वाटेवर आली की ते मोपेड रस्त्यात उभी करून बांधावर चढतात. पोखर्णीच्या जत्रेत त्यांचं बांगड्यांचं दुकान लागतं, तिथे बायका बांगड्यांना येतात आणि त्यांचे नवरे लंगडत लंगडत दुरून जातात. एकदा आमच्या शेळीला तारेनं कापलं होतं तिथं त्यांनी जेल लावलं. शेळीनं ते चाटून टाकलं. मामांनी शेळीला ज्या शिव्या दिल्या त्या मी कुठल्या माणसाला दिलेल्या ऐकल्या नाहीत.

म्हणजे हा माणूस कुणी डॉक्टर होता, असा समज करून घेऊ नका. जेल लावून झालं की ते त्यावर जोरात फुंकर मारायचे. मी एकदा म्हटलं, मामा, फुंकरीतून जंतू जातात. ते इतके भडकले की दोन महिने त्यांनी माझ्याशी अबोला धरला. "मपल्या फुंकरीत जंतू? मी पान खात न्हाई, बिडी वढत न्हाई, जंतू काय उपाशी राहायला यायलेत माझ्याकडं?" पण जखम खोल असली, रक्त थांबत नसलं, गंजका पत्रा लागलेला असला की ते ट्यूब खिशातच ठेवायचे. "ही माझी न्हाई, दवाखान्याची हाय," म्हणायचे आणि त्या माणसाला मोपेडवर मागे बसवून धनुर्वाताच्या इंजेक्शनाला घेऊन जायचे. रस्ताभर शिव्या चालूच.

दुसरा नियम भरलेल्या जखमेचा. अण्णांना मामांची चेष्टा करायची खोड होती. ते पोटरीवरचा लहानपणीचा, कुत्रं चावल्याचा वण दाखवायचे आणि म्हणायचे, "मुंजाजी, ह्याला लावा की थोडं."

"भरलेल्या जखमंला जेल लावत नसत्यात," मामा ओरडायचे. "जेवलेल्या माणसाच्या ताटात वाढल्यागत हाय ते. वाया."

अण्णा दर वेळी तेच विचारायचे आणि मामा दर वेळी तितकेच चिडायचे. दोघांचं असं किती वर्षं चालू होतं देव जाणे.

कासार म्हणून मात्र मामांची एक गोष्ट सगळ्या बायकांना खटकायची. ते बांगड्या सैल भरतात. बाकीचे कासार घट्ट बांगडी भरण्यात आपली कला मानतात. अंगठा तळव्यात दुमडून, हात लोण्यासारखा मळून, एवढ्याशा मापाची बांगडी मनगटावर अशी चढवायची की वर्षभर ती हलता कामा नये. मामांचे हात त्या कलेत तयार होते म्हणे. जुन्या बायका सांगतात, तरुणपणी मुंजाजीनं भरलेली बांगडी फुटायची पण निघायची नाही. आता त्यांनी भरलेली बांगडी हात खाली सोडला की खणकन जमिनीवर. कुणाची कणकेत जाते, कुणाची बादलीत. बायका तक्रार करायच्या तेव्हा मामा एकच सांगायचे: "काचंला दात असत्यात, बायांनो. दातात हात आडकून ठिवू ने."

यातलं कुणाला काय कळणार? बांगड्या लवकर हरवाव्यात आणि धंदा चालावा म्हणून करतात, असंही काही जणी म्हणायच्या.

मामांच्या घरी त्यांची धाकटी बहीण असते. कौसामावशी. तरुणपणीच नवरा गेला आणि भावाकडे आली ती इथंच राहिली. मामांनी लग्न केलं नाही. मावशी आतल्या खोलीतून रंगाप्रमाणे बांगड्या काढून देतात, पण बाहेर फारशा येत नाहीत. ऐन मे महिन्यात, परभणीच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हातसुद्धा, त्यांचा पदर दोन्ही हातांवर बोटांपर्यंत ओढलेला असतो. लहानपणी आम्ही पोरी म्हणायचो, मावशीला थंडी वाजते.

माझ्या आईचा हात मामांच्या खास देखरेखीखाली होता. आईला शुगर. तिला सुई टोचली तरी जखम महिना महिना भरत नाही. एकदा पायाचं बोट सहा महिने चिघळलं होतं आणि डॉक्टर ते काढायचं म्हणत होते, कसंबसं वाचलं. तेव्हापासून मामा तिला सगळ्यांपेक्षा सैल बांगड्या भरायचे. पण गेल्या दिवाळीपासून आईचे हात सुजायला लागले आणि त्या सैल बांगड्याच मनगटात रुतून बसल्या. "ताई, ये एकदा, बदलून देतो," मामा येता-जाता सांगायचे. आई म्हणायची, येते. तेव्हा अण्णांचं छातीचं दुखणं सुरू झालं होतं, तिला कुठे जायला सवड नव्हती.

तुरी काढायच्या दिवसांत अण्णा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले.

मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अण्णांना ओसरीवर ठेवलं होतं आणि आई त्यांच्या डोक्याशी बसली होती. भोवती बायका. त्यांच्या मधोमध जिजी, आमच्या भावकीतली सगळ्यात थोरली बाई. जिजीला मी वाईट म्हणणार नाही. तिचे स्वतःचे हात किती वर्षांपासून मोकळे आहेत, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मला तिची दया आली नाही आणि आजही फारशी येत नाही.

आईचं कुंकू त्यांनी मी यायच्या आधीच पुसलं होतं. जोडवी काढली होती. मंगळसूत्र काढलं होतं. आई या सगळ्यात नव्हतीच, ती अण्णांच्या कपाळावरची माशी हाकलत होती. मग जिजी म्हणाली, "वरवंटा आणा गं."

कुणीतरी आमच्याच स्वयंपाकघरातून आमचाच वरवंटा आणला. त्याला जवसाच्या चटणीचा वास येत होता. आदल्या दिवशी अण्णांनी मागितली म्हणून आईनं वाटली होती.

मी आईची दोन्ही मनगटं माझ्या हातांत धरली. "जिजी, आईला शुगर आहे. काच लागली तर हात जाईल तिचा."

"शुगर समद्यायलाच हाय बाई. बांगड्या वाढवाव्या लागत्यात. रीत हाय."

आमच्या भाषेची लाज वाटते कधी कधी. बांगड्या फोडतात आणि म्हणतात वाढवतात. मी ओरडले, हो, वडिलांच्या प्रेताशेजारी ओरडले, की रुतलेल्या बांगड्या आहेत, फोडल्या तर काच आत जाईल, तुम्हाला दिसत नाही का. "साबण लावून काढते मी," म्हटलं. जिजी म्हणाली, "तू लेक हाईस. लेकीनं आईचा चुडा काढत नसत्यात. हो बाजूला." दोन बायकांनी मला खांद्याला धरून मागे ओढलं. प्रेमानं ओढलं, पाठीवरून हात फिरवत ओढलं, हे जास्त संतापजनक होतं. तिसरीनं आईचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला. ज्या बायकांनी आईच्या पायाचं बोट चिघळलं तेव्हा डबे आणून दिले होते, त्याच या बायका. आणि आईनं हात मागे घेतला नाही. तिनं नुसते डोळे मिटले.

जिजीनं वरवंटा उचलला आणि मागून आवाज आला, "खाली ठिवा त्ये."

मुंजामामा बायकांच्या घोळक्यात शिरले होते. पुरुषांनी तिथे यायचं नसतं. टोपी हातात होती, ओरडत नव्हते. हा माणूस ओरडल्याशिवाय बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"कामून? का ठिवू?" जिजी म्हणाली.

"कासाराचा मान कुटं गेला?"

"कसला मान?"

"न्हाव्याचा मान देता. परटाचा देता. कुंभाराचं मडकं घेता. मंग चुड्याचं काय? चुडा चढवतो कोण?"

"कासार."

"मंग उतरवायचा कुणी? जित्ता कासार दारात हुबा आसताना दुसऱ्यानं चुड्याला दगूड लावला तर त्या गावातल्या सवाशिणींला चुडा लाभत न्हाई. तुमाला ठावं न्हाई का जिजी? तुमी तर थोरल्या."

जिजी थबकली. आपल्याला ठाऊक नाही, असं भावकीतल्या सगळ्यात थोरल्या बाईनं सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? भोवतीच्या तरुण सुना आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. एकीनं तर हात पदराखाली घेतला. जिजीनं वरवंटा हळूच जमिनीवर टेकवला आणि म्हणाली, "ठावं हाय की. तू यायच्या आधी म्हून म्या हातात घेतला."

"पाणी आणा," मामा म्हणाले.

मी आणलं. मामा उंबऱ्याशी मांडी घालून बसले. आईचा हात त्यांनी नेहमीसारखा गुडघ्यावर घेतला, धुतला, फडक्यानं टिपला. मग खिशातून ट्यूब काढली. ज्वारीच्या दाण्याएवढं नाही, निम्मी ट्यूब त्यांनी आईच्या हातावर पिळली. मनगट, अंगठ्याचा उंचवटा, बोटांची मुळं, सगळं चोपडून घेतलं. अंगठा तळव्यात दुमडला आणि हात मळत मळत पहिली बांगडी सरकवायला लागले. बांगडी रुतली होती तिथे मांसात लाल चर पडली होती. बांगडी तसूतसूनं पुढे आली, उंचवट्यावर अडली, मामांनी श्वास धरला, आणि निघाली. अख्खी. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि दुसरीला हात घातला.

सगळ्या बांगड्या निघेपर्यंत तिकडे पुरुषमंडळी खोळंबली होती. कुणीतरी घाई करायला आत डोकावलं, त्याला जिजीनंच हात करून थांबवलं. मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. पाणी झालं होतं, जेल चाललं होतं, मधल्या शिव्या मात्र आल्या नाहीत. मी वाट बघत होते त्यांची. एक जरी आली असती तर मला बरं वाटलं असतं.

एकही बांगडी फुटली नाही. आईच्या हाताला एकही ओरखडा उठला नाही. मामांनी बांगड्या रुमालात बांधल्या, खिशात घातल्या, म्हणाले, "ह्यो कासाराचा मान," आणि पुरुषांत जाऊन उभे राहिले. मग त्यांनी अण्णांना खांदा दिला.

आता आमच्याकडे असं झालंय, की हा मान लागू झालाय. मध्यंतरी पलीकडच्या आळीत एक म्हातारा गेला तर घरच्यांनी आधी कासाराला निरोप धाडला, नंतर पाहुण्यांना. मी तिथे बसले होते. जिजी एका परगावच्या बाईला समजावून सांगत होती, "आमच्या सासूच्या येळंपासून कासारच उतरवतो. दगूड लावायची रीतच न्हाई ह्या गावात." तोंडावर एक रेष हलली नाही. मला हसू आलं आणि तेवढाच संतापही आला, कारण खरं कारण सांगून ज्या बायकांनी ऐकलं नाही त्यांनी खोटी रीत सांगितल्यावर ऐकलं. शुगर समजली नाही, मान समजला. मामांचा तर या नव्या मानानं पार संताप झालाय. "कुणी बी मेलं की मला बलावणं. मी काय यमाचा सोयरा हाय?" म्हणतात. पण जातात. निम्मी ट्यूब घेऊन जातात.

अण्णांचं चौदावं झाल्यावर परभणीला परतायच्या आधी मी दुपारी मामांच्या घरी गेले. हा मान खरंच कधी होता का, की त्यांनी उंबऱ्यावर उभ्या उभ्या रचला, हे मला विचारायचं होतं. दुकानाची फळी लावलेली होती, घराचं दार उघडं होतं. मी हाक न मारताच आत गेले.

कौसामावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर खांद्यावर होता. त्यांचे हात मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. दोन्ही मनगटांवर आडवेतिडवे पांढरट वण, काही जाड, काही बारीक, एके ठिकाणी कातडी गाठ मारल्यासारखी ओढलेली. मामा त्यांच्यापुढे बसले होते. तांब्या शेजारी होता. मावशींचा हात गुडघ्यावर घेऊन ते एकेका वणावर बोटानं जेल लावत होते आणि हलकी फुंकर मारत होते. हे वण माझ्या वयापेक्षा जुने असतील.

मामांनी मला बघितलं. बोट थांबलं नाही.

"मामा," मी म्हटलं, "मान खरा होता का?"

"रचला," ते म्हणाले. "हिच्या टायमाला सुचला न्हाई."

मग मावशी बोलल्या. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पंचमीला त्या माहेरी आल्या होत्या. भावानं कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, असा घट्ट की एकही बांगडी हलू नये. सासरच्या बायका बघत राहिल्या पाहिजेत, अशी त्याला हौस. त्याच श्रावणात नवरा शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. "दादाच्या हातची बांगडी ती. लवकर फुटना," मावशी म्हणाल्या. "लय येळ मारत व्हत्या." काच आत राहिली. वरून हळद भरली. दादाला निरोप मिळून तो पोचेपर्यंत दोन्ही हात पिकले होते.

मामा मान खाली घालून जेल लावत होते. एरवी हळदीचं नाव निघालं की घर डोक्यावर घेणारा माणूस. मला त्या बायकांचा राग आला, ज्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. जवसाच्या चटणीचा वास परत नाकात आला. आणि बोलायला काही सुचेना म्हणून मी अण्णांसारखं बोलून गेले.

"मामा, भरलेल्या जखमेला जेल लावत नसतात ना?"

मामांनी पुढच्या वणावर बोट टेकवलं. मावशीच म्हणाल्या, "लावू दे गं. त्याला बरं वाटतंय."

दुसरा हात झाल्यावर मामा उठले. फळीवरून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. आतल्या बांगड्या किणकिणल्या. "ताईला दे. घालावं वाटलं तर घालील, न्हाईतर ठिवून देईल. काच नासत न्हाई."

आई त्यातल्या दोन बांगड्या माझ्याकडे परभणीला येताना घालते आणि परत जाताना पिंगळी स्टेशनात काढून पिशवीत टाकते. यावरून मी तिच्याशी भांडते. पण ते नंतरचं.

त्या दुपारी पुरचुंडी घेताना मामांनी माझी बोटं बघितली. चौदाव्याच्या स्वयंपाकात विळीवर कापलं होतं, तर्जनीला. त्यांनी चष्मा नाकावर ओढला.

"ह्ये काय हाय?"

"काही नाही मामा."

"काय लावलीस?"

घरी त्या गडबडीत हाताशी दुसरं काही नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "हळद."

मामांनी तांब्या पुढे ओढला, माझं बोट धुतलं, आणि ते वाळेपर्यंत मला अशा काही शिव्या दिल्या की बाहेर रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. मी आणि कौसामावशी त्या सगळ्या ऐकत बसलो. मला राग आला नाही.